चेलोवर बाखचे नाच: मोठेपणी शिकणाऱ्यांसाठी मिन्युएटपासून जीगपर्यंतचा सराव

मोठेपणी चेलो शिकायला घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच सुरावट असते, ती म्हणजे जर्मन संगीतकार बाखच्या पहिल्या चेलो सुइटचं (एकापाठोपाठ वाजवायच्या तुकड्यांच्या माळेचं) प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा तुकडा. जाहिरातींत आणि चित्रपटांत ते इतकं ऐकलेलं असतं की पहिल्या पोझिशनमध्ये बोटं जरा स्थिरावली की माणूस थेट त्याच्याकडेच वळतो. मला मात्र मनापासून वाटतं की या सुइटची सुरुवात मिन्युएटपासून करावी. सुइटमध्ये प्रील्यूडनंतर आलमांद, कूरांत, साराबांद, मिन्युएटची जोडी आणि जीग असे जे भाग येतात, ते सगळे नाचांचे प्रकार आहेत. नाच वाजवायचा असेल तर शरीराचं वजन कधी खाली येतं आणि कधी वर उचललं जातं, हे आधी कळलं पाहिजे. ते कागदावरून कळत नाही, पायातून कळतं. मोठेपणी शिकणाऱ्याला हे जमतं, उलट लहान मुलापेक्षा बरं जमतं, कारण आपण काय करतोय हे त्याला समजून घेता येतं.

हा लेख जी मेजरमधल्या पहिल्या सुइटबद्दल आहे, म्हणजे बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक बीडब्ल्यूव्ही १००७. पहिल्या पोझिशनमधले सूर बऱ्यापैकी लागतात, बोटं मागेपुढे ताणण्याची ओळख झाली आहे आणि गज सरळ चालतो, एवढी तयारी मी धरून चाललो आहे.

हे नाच आले कुठून

बाख १७१७ ते १७२३ या काळात जर्मनीतल्या क्योथेन इथे राजपुत्र लिओपोल्डच्या दरबारात संगीतप्रमुख होता. राजपुत्र कॅल्व्हिनपंथी असल्यामुळे चर्चसाठी फारसं संगीत लागत नसे, आणि बाखचा बराच वेळ वाद्यसंगीताकडे गेला. सहा चेलो सुइट याच काळातल्या असाव्यात असं मानलं जातं. बाखच्या स्वतःच्या हातची प्रत आज उरलेली नाही. त्याची दुसरी पत्नी आना माग्दालेना हिने केलेली नक्कल आहे, योहान पीटर केलनरची १७२६ च्या सुमाराची नक्कल आहे, आणि अठराव्या शतकातल्याच आणखी दोन नकला आहेत. सूर कोणते हे बहुतेक ठिकाणी जुळतं. एका गजात किती सूर बांधायचे यावर मात्र या नकलांचं एकमत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे गजाचा हिशोब करताना ती उपयोगी पडेल.

त्या काळी युरोपभरच्या दरबारांत फ्रेंच पद्धतीचा नाच चालायचा. चौदाव्या लुईने १६६१ साली पॅरिसमध्ये नृत्याची अकादमी स्थापन केली. १७०० मध्ये राउल-ओजे फय्ये यानं पावलांची चिन्हलिपी छापली, आणि म्हणूनच त्या काळच्या अनेक नाचांची पावलं आज वाचता येतात. चेलो सुइटवर दरबारात कुणी नाचत बसलं असेल असं नाही. बाखच्या काळापर्यंत आलमांदसारखा नाच तर नृत्यशाळेतून जवळपास हद्दपार झाला होता. पण मिन्युएट वाजवणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या पायात मुरलेला होता. आपल्या पायात तो नाही. म्हणून सुरुवात पायापासून करायची.

वाद्य आणि बैठक

बरोक (बाखच्या काळच्या घडणीचा) चेलो, आतड्याच्या तारा, जुन्या घडणीचा गज यातलं काहीही विकत घ्यायची गरज नाही. त्या काळच्या चेलोला खालचा खुंटा, म्हणजे एंडपिन, सहसा नसायचा आणि वाद्य पोटऱ्यांमध्ये धरलं जायचं. तुम्ही एंडपिन खुशाल वापरा. एकच गोष्ट करून पाहण्यासारखी आहे: गज नेहमीच्या जागेपेक्षा दोन-तीन बोटं वर, म्हणजे फ्रॉगपासून (गजाच्या हाताकडच्या टोकाच्या ठोकळ्यापासून) किंचित टोकाकडे धरा. तसा धरला की गज हातात हलका वाटतो आणि प्रत्येक सुराच्या शेवटी आवाज आपसूक पातळ होतो. नाचांना हवा असतो तो हाच पातळपणा.

दोन्ही पाय जमिनीवर सपाट ठेवा, आणि पायाने ठेका धरू नका. ठेका धरणारा पाय सगळ्या मात्रा सारख्याच जोराने आपटतो, आणि त्याबरोबर हातही सगळ्या मात्रा सारख्याच वाजवायला लागतो.

स्वरलिपी निवडताना शक्यतो मूळ प्रतींवर बेतलेली आवृत्ती घ्या. बेरनराइटरची आवृत्ती चांगली आहे. आना माग्दालेनाच्या नकलेची प्रतिमा आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. तीही डाउनलोड करून स्टँडवर शेजारी ठेवा. तिच्या हातच्या वळणदार रेघांत वाक्यं कुठे श्वास घेतात ते छापील पानापेक्षा जास्त दिसतं.

कोकणात आणि मुंबईत राहणाऱ्यांसाठी एक सूचना. पावसाळ्यात खुंट्या फुगून घट्ट होतात, त्या जोर लावून फिरवू नका. बारीक सूर फाइन ट्यूनरनेच (तारांच्या खालच्या टोकाच्या छोट्या स्क्रूंनी) लावा. नागपूरकडच्या कोरड्या हिवाळ्यात उलट होतं आणि खुंट्या सटकतात.

पहिली पायरी: चेलो बाजूला ठेवून सहा मात्रांचं पाऊल

मिन्युएट ३/४ मध्ये लिहिलेला असतो, म्हणजे एका बारमध्ये (दोन उभ्या रेघांमधल्या खंडात) तीन मात्रा, पण नाचाचं एक पूर्ण पाऊल दोन बारचं असतं. म्हणजे सहा मात्रांत चार वेळा वजन बदलतं. त्याचं प्रचलित रूप असं आहे: पहिल्या मात्रेवर उजवा पाय, तिसरीवर डावा, चौथीवर उजवा, पाचवीवर डावा. दुसऱ्या आणि सहाव्या मात्रेवर गुडघे किंचित वाकतात, आणि त्या वाकण्यातून पुढचं पाऊल चवड्यावर उठतं.

खोलीत पाच-सहा पावलं सरळ जाता येईल एवढी जागा करा. मोठ्याने मोजा: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आधी फक्त पाय टाका, वाकणं नंतर जोडा. "एक"ला उजवा पाय उंच चवड्यावर, "दोन"ला गुडघे मऊ, "तीन"ला डावा पाय चवड्यावर, "चार" आणि "पाच" ही दोन साधी चालीची पावलं, "सहा"ला पुन्हा गुडघे मऊ. दोन मिनिटांत पाय गोंधळतील, दहा मिनिटांत लागतील.

तबल्याची ओळख असणाऱ्याला इथे दादरा आठवेल: धा धी ना, धा ती ना. सहा मात्रा, तीन-तीनचे दोन विभाग आणि चौथ्या मात्रेवर खाली. समेकडे कान लावून बसण्याची सवय इथे फार कामाची आहे, कारण मिन्युएटमध्येही दुसऱ्या बारची पहिली मात्रा पहिल्या बारच्या पहिल्या मात्रेएवढी जड नसते. फरक एवढाच की दादऱ्यात मात्रांचं वजन ठरलेलं असतं, तर मिन्युएटमध्ये पाऊल तीन आणि पाचवरही पडतं. त्यामुळे "एक... तीन... पाच" असा एक वेगळाच झोका तयार होतो. वरून तीन-तीनचे गट आणि खालून दोन-दोनचे, हे दोन्ही एकाच वेळी अंगात असणं म्हणजे मिन्युएट. तोंडाने दादऱ्याचे बोल म्हणत पायाने मिन्युएटचं पाऊल टाकून पाहा. ते जमलं की चेलो उचला.

दुसरी पायरी: प्रत्येक बारचा पहिला सूर

पहिला मिन्युएट २४ बारचा आहे: आधी ८, मग १६. नाचाच्या हिशोबात ती बारा पावलं झाली, पहिल्या भागात चार आणि दुसऱ्यात आठ. पेन्सिल घ्या आणि दर दोन बारनंतर ओळीच्या वर छोटी खूण करा. आता पानावर नाच दिसायला लागेल.

मग सगळे सूर सोडून द्या आणि प्रत्येक बारचा फक्त पहिला सूर वाजवा, तीन मात्रा लांब. मेट्रोनोम बारला एक टिक पडेल असा लावा, मिनिटाला ३५. फोनवरच्या बहुतेक ॲपना हे जमतं. पहिला सूर म्हणजे उघडी, बोट न लावलेली जी तार, तीच सुरुवात. दोन बारच्या जोडीत पहिला सूर थोडा भरीव, दुसरा थोडा हलका. असे आठ बार वाजवले की खालून एक सावकाश चाल ऐकू येते आणि ती डी मेजरकडे जाऊन थांबते. एकट्या चेलोच्या या संगीतात खर्ज आणि चाल दोन्ही एकाच ओळीत गुंफलेली असतात. खर्ज आधी कानात बसला की वरचे सूर त्याच्यावर टेकतात.

या पायरीवर किमान आठवडाभर थांबा. मोठेपणी शिकणाऱ्याला ती फार साधी वाटते आणि म्हणून तो ती ओलांडून जातो. पण पुढे सगळे आठव्या किमतीचे, म्हणजे अर्ध्या मात्रेचे सूर धावायला लागल्यावर तोल राखणारी गोष्ट हीच असते.

तिसरी पायरी: गजाचा हिशोब

ग्योर्ग मुफाट या संगीतकाराने १६९८ साली फ्रेंच दरबारातला संगीतकार लुली याच्या वादकांची गज चालवण्याची पद्धत लिहून ठेवली. त्यातला मुख्य नियम असा: बारचा पहिला सूर डाउन-बोने, म्हणजे गज फ्रॉगकडून टोकाकडे ओढून (उलट दिशा म्हणजे अप-बो). डाउन-बोला हाताचं वजन आपसूक मिळतं, अप-बो निसर्गतःच हलका असतो. नाचात जिथे पाऊल जड पडतं तिथे गजही जड, एवढं साधं तत्त्व आहे.

आता हिशोब करू. बारमध्ये आठव्या किमतीचे सहा सूर आहेत आणि प्रत्येक सूर वेगळ्या गजाने वाजवला, तर डाउन-अप-डाउन-अप-डाउन-अप होतं आणि पुढचा बार पुन्हा डाउनने सुरू होतो. पहिले तीन सूर एका गजात बांधले आणि उरलेले तीन सुटे वाजवले, तरी एकूण चार गज, म्हणून पुढचा बार डाउननेच. पण पहिले दोन बांधून चार सुटे ठेवले तर पाच गज होतात, आणि पुढच्या बारचं जड पाऊल अप-बोवर येतं. तिथे शेवटचे दोन सूर एकाच अप-बोमध्ये घ्या, मध्ये गज क्षणभर थांबवून. डाउनमध्ये बांधलेले दोन, एक अप, एक डाउन आणि शेवटी अपमध्ये थांबत दोन. पुढचा बार पुन्हा डाउनने.

पाव किमतीच्या, म्हणजे एकेका मात्रेच्या तीन सुरांच्या बारमध्येही हेच येतं. डाउन, मग अपमध्ये थांबत दोन. किंवा डाउन-अप-डाउन वाजवून गज हवेत उचलायचा आणि परत फ्रॉगपाशी आणून डाउन. सावकाश लयीत दुसरी पद्धत सुंदर वाटते, कारण गज उचलण्याचा तो क्षण सहाव्या मात्रेवर गुडघे वाकतात तसाच असतो. लय वाढली की पहिली पद्धत बरी.

हे सगळं उघड्या डी तारेवर करा. डावा हात मांडीवर ठेवा. तुमच्या पानावरच्या प्रत्येक बारचा गजाचा आराखडा आधी उघड्या तारेवर पक्का करा आणि मगच डाव्या हाताला कामाला लावा. मूळ नकलांत बांधण्याच्या रेघांवर एकमत नाही असं वर म्हटलं, ते इथे मोकळीक देतं. छापील आवृत्तीतली एखादी रेघ जड पाऊल चुकीच्या गजावर टाकत असेल तर ती बदलायला अजिबात कचरू नका.

चौथी पायरी: दोन्ही हात एकत्र

आता सगळे सूर, पण दोन-दोन बारच्या तुकड्यांत. पहिला तुकडा वाजवा, थांबा, खुर्चीतच गुडघे मऊ करा, दुसरा तुकडा वाजवा. दर तुकड्यानंतरचा हा थांबा काही दिवसांनी आपोआप लहान होत जातो आणि त्या जागी श्वास उरतो.

लय किती ठेवावी? बर्लिनचा बासरीवादक क्वांत्स याने १७५२ साली लिहिलं की मिन्युएटमध्ये नाडीचा एक ठोका दोन मात्रांना पडावा, आणि नाडी तो मिनिटाला सुमारे ८० धरतो. म्हणजे मात्रा १६० च्या आसपास. चेलोवर हे फार जलद आहे, आणि तिथे पोहोचायची घाईही नको. ७२ पासून सुरू करा. ९६ ते ११२ च्या दरम्यान कुठेतरी पाय आनंदाने चालायला लागतील, तिथे थांबा.

या टप्प्यावर मी ज्या चाचणीवर सगळ्यात जास्त विश्वास ठेवतो ती ही: फोनवर मिन्युएट रेकॉर्ड करा, फोन खोलीत टेबलावर ठेवून तो वाजवा आणि स्वतःच्या वाजवण्यावर मिन्युएटची पावलं टाका. पाय कुठे अडखळतात ते बघा. सुराला घाई झाली असेल तर गुडघे वाकायला वेळ मिळत नाही. सगळे सूर सारखे वाजवले असतील तर कुठल्या मात्रेवर पाऊल टाकायचं तेच कळत नाही. बाराव्या-तेराव्या बारपाशी, म्हणजे दुसऱ्या भागात शिरल्यावर थोड्याच वेळात, पाय अडले तर समजा की खर्ज सुटला आहे, आणि दुसऱ्या पायरीकडे परत जा. चूक कुठे झाली हे कान सांगतो, पण तिचं कारण पाय सांगतात.

दुसरा मिन्युएट

दुसरा मिन्युएट जी मायनरमध्ये आहे आणि तोही २४ बारचा. पावलं तीच, उजेड वेगळा. डाव्या हाताला मात्र इथे नवं काम आहे. बी फ्लॅट ए तारेवर आणि ई फ्लॅट डी तारेवर घ्यायला पहिलं बोट मागे ताणावं लागतं. हे ताणणं मोठ्या वयाच्या हाताला जड जातं, म्हणून हात न हलवता फक्त बोट मागे ओढू नका. पहिलं बोट जवळपास सरळ करा, त्याची बाजू तारेवर टेकवा आणि बाकी तीन बोटं आपल्या जागी गोल ठेवा. अंगठा घट्ट दाबला असेल तर हे कधीच जमणार नाही. प्रत्येक वेळी ताणण्याआधी अंगठा मानेपासून क्षणभर सुटा करून पाहा. हाताच्या वरच्या बाजूला दुखायला लागलं तर लगेच थांबा, "थोडंसं दुखलं तरी चालेल" हा विचार करू नका.

दोन्ही झाले की पहिला मिन्युएट पुन्हा वाजवायचा, या वेळी पुनरावृत्त्या सोडून. आधी दोन्ही मिन्युएटचा प्रत्येक भाग दोनदा घेतला, तर सगळं मिळून १२० बार होतात. १०८ च्या लयीला साधारण साडेतीन मिनिटं.

साराबांद: दुसऱ्या मात्रेवर वजन

साराबांदचा इतिहास विलक्षण आहे. सोळाव्या शतकात तो स्पॅनिश जगात जलद आणि बेभान नाच म्हणून ओळखला जायचा आणि १५८३ साली स्पेनमध्ये त्याच्यावर बंदी आली. फ्रान्समध्ये तोच पुढे संथ, भारदस्त झाला. पहिल्या सुइटमधला साराबांद फक्त १६ बारचा आहे, ८ आणि ८, आणि सहाही भागांमध्ये माझ्या मते शिकणाऱ्यासाठी सगळ्यात मोठा शिक्षक तोच आहे.

३/४ च्या या संथ नाचात अनेक बारमध्ये वजन दुसऱ्या मात्रेकडे झुकतं. पहिल्या मात्रेवर पाऊल पडतं, दुसरीवर शरीर तिथेच विसावतं. सगळ्या बारमध्ये तसं होत नाही. वाक्याच्या शेवटी पहिली मात्राच जड असते. कुठे काय आहे ते गाऊन ठरवा.

गजावर ते आणण्यासाठी हा व्यायाम आहे. गजाचे केस साधारण ६० सेंटिमीटर लांब असतात. उघड्या जी तारेवर, एकाच डाउन-बोमध्ये, तीन मात्रा वाजवा, प्रत्येक मात्रेच्या मध्ये गज किंचित थांबवून: पहिल्या मात्रेला १५ सेंटिमीटर, दुसरीला ३०, तिसरीला १५. मग तेच अप-बोमध्ये. गजाच्या काडीवर कागदी टेपचे दोन बारीक तुकडे लावले की अंतर डोळ्याला दिसतं. दुसऱ्या मात्रेला गजाचा वेग दुप्पट होतो, आणि वजन न वाढवताच सूर मोठा होतो. हे हातात मुरलं की मधले थांबे काढून टाका.

पहिला कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गट) जी-डी-बी. उघडा जी, उघडा डी आणि ए तारेवर पहिल्या बोटाने बी. प्रील्यूड याच तीन सुरांच्या आधारावर उभं आहे, आलमांदही त्याच कॉर्डने सुरू होतो. त्यामुळे इथे घातलेला वेळ तीन ठिकाणी वसूल होतो. आधी जी आणि डी एकत्र वाजवा, मग डी आणि बी एकत्र, मग दोन्ही जोडा. जी तारेकडून ए तारेकडे जाताना उजवं कोपर हळूहळू वर येतं. ते एका झटक्यात उचललं तर कॉर्ड तुटतो. डाव्या हाताचं पहिलं बोट पुरेसं गोल आहे का बघा, नाहीतर ते शेजारच्या डी तारेला लागून तिचा आवाज बंद करतं. खालचे दोन सूर मात्रेवर द्या आणि वरचा बी टिकवून धरा. वरच्या सुराला जास्त गज द्यायचा, खालच्यांना कमी.

कॉर्ड वाजल्यावर गज तारांवर दाबून धरायचा मोह होतो. तो सोडा. कॉर्ड वाजला की खोलीत घुमतो, त्या घुमण्याला जागा द्या.

साराबांद शिकताना मिन्युएटचा रेकॉर्डिंगचा प्रयोग इथेही करता येईल, पण पावलं टाकायची गरज नाही. उभं राहून फक्त एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन सोडा, दुसऱ्या मात्रेवर. तेवढ्यात सगळं कळतं.

जीग

जीग मूळचा ब्रिटन आणि आयर्लंडकडचा. इथे ६/८, ३४ बार, १२ आणि २२, आणि बारच्या आधी येणारा एक छोटा सूर. सहा मात्रा मोजू नका, दोन मोठे ठोके मोजा. अडचण नेहमी एकच येते: लांब सूर डाउन, आखूड सूर अप, पुन्हा लांब डाउन... असं चाललं की लांब सुराला जास्त गज लागतो आणि आखूड सुरात तो परत येत नाही, त्यामुळे चार बारमध्ये हात गजाच्या टोकाला पोहोचतो. तिथे नाच मरतो. उपाय असा की लांब सूर सुरुवातीला वाजवून लगेच सोडायचा, शेवटपर्यंत ओढायचा नाही, आणि आखूड अप-बो हलका पण वेगाने मागे न्यायचा. पूर्ण जीग गजाच्या मधल्या भागातल्या एका हातभर जागेत राहिला पाहिजे. उघड्या तारेवर "लांब-आखूड" दोन मिनिटं वाजवा आणि गज त्याच जागी राहतोय का ते आरशात पाहा.

कूरांत आणि आलमांद

हे दोन मी मुद्दाम शेवटी ठेवतो. पहिल्या सुइटमधला कूरांत ४२ बारचा, इटालियन वळणाचा, धावता आहे. पाचव्या सुइटमधला फ्रेंच कूरांत ३/२ मध्ये, गुंतागुंतीचा. त्या दोघांना एकच नाच समजू नका. धावत्या कूरांतसाठी एक साधी सवय पुरते: आठव्या किमतीचे सूर सुटे, उड्या मारणारे ठेवा, आणि सोळाव्या किमतीचे सूर तारेला चिकटून. लय कमी असली तरी या फरकाने तो धावतो.

आलमांद ३२ बारचा, चार मात्रांचा, बारच्या आधीच्या एका छोट्या सुरावरून उचललेला. तो नाचण्यापेक्षा बोलण्याजवळ जातो. वाक्यं मोठी आहेत, म्हणून इथे गजापेक्षा श्वासाचा सराव करा: वाक्य गा, जिथे तुमचा श्वास संपतो तिथे पानावर खूण करा, आणि तिथेच गजालाही थोडी उसंत द्या.

वेळ कसा वाटायचा

नोकरी-संसार सांभाळून रोज चाळीस मिनिटं मिळाली तरी भरपूर. सुरुवातीची पाच मिनिटं पायांची, मग दहा मिनिटं उघड्या तारेवर गज. सूर लावणं आणि तुकडे जोडणं याला वीस मिनिटं, मध्ये एकदा उठून खांदे आणि मनगटं सैल करा. उरलेली पाच मिनिटं रेकॉर्डिंग ऐकायला, वाद्य हातात न घेता. रात्री शेजारच्यांची काळजी वाटत असेल तर ब्रिजवर रबरी म्यूट लावा. मात्र साराबांदचा कॉर्ड म्यूट लावून शिकू नका, तो घुमायला हवा.

एका वेळी एकच नाच शिका. पण आठवड्यातून एकदा आधीचे सगळे ओळीने वाजवून काढा. पुनरावृत्ती घेताना दुसऱ्या वेळी एखादा छोटा फेरफार करा: एका जागी ट्रिल (दोन शेजारच्या सुरांची झटपट अदलाबदल), एका जागी थोडा हलका आवाज. त्या काळी पुनरावृत्ती अशी वाजवण्याची पद्धतच होती, आणि तुमच्या कानालाही ती जागं ठेवते.

पुढे

पहिली सुइट हातात आल्यावर सी मेजरमधल्या तिसऱ्या सुइटचे बूरे हे नाच घ्या. तिथे बार सुरू होण्याआधी दोन आठव्या किमतीचे, म्हणजे एका पाव मात्रेएवढे सूर येतात आणि लगेच जड पाऊल पडतं. पाचव्या आणि सहाव्या सुइटमध्ये गावोत हे नाच आहेत, आणि त्यांत बारच्या आधी अर्धा बारभर सूर येतात. ते अर्ध्या बारचे सूर वाजवताना कान त्यांनाच सम समजतो. म्हणून गावोतला हात घालण्याआधी चेलो बाजूला ठेवा, उभे राहा, "तीन, चार" मोठ्याने म्हणत दोन हलकी पावलं टाका आणि "एक"ला पूर्ण वजन एका पायावर सोडा. हे पायात आलं की मग गज उचला. पाचवी सुइट घेताना मात्र आवृत्ती नीट बघून घ्या: मुळात ती वरची ए तार एक सूर उतरवून जीला लावून वाजवायची आहे, आणि अनेक आवृत्त्या ती नेहमीच्या लावणीत बदलून छापतात. पहिल्यांदा वाजवताना नेहमीच्या लावणीतलीच घ्या.